पुढच्या महिन्यात परत येणारा नायक

दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासाची गोष्ट सांगायला लागलं की नवख्या माणसाला ती थाप वाटते. एक संगीतकार, शिवचरित्राने झपाटलेला एक तरुण, पुण्या-मुंबईची काही पोरं, कुठून कुठून जमवलेली थोडीफार हत्यारं, मोहिमेच्या खर्चासाठी पुण्यात झालेला लता मंगेशकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम, भर पावसाळा, फुगलेल्या नद्या आणि समोर पोर्तुगिजांचं ठाणं. २२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. कॅप्टन फिदाल्गो आपली माणसं घेऊन खानवेलच्या जंगलाकडे निसटला आणि काही दिवसांनी शरण आला. संगीतकार म्हणजे सुधीर फडके. शिवचरित्रवाले बाबासाहेब पुरंदरे. सोबत राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि पुढे ग्राहक पंचायत काढणारे बिंदुमाधव जोशी. सिल्वासा घेतल्यानंतर जवळपास आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, फडक्यांनी पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाची छप्पन्न गाण्यांची मालिका सुरू केली.

एखाद्या रहस्यकथाकाराने हे असं लिहून पाठवलं असतं, तर संपादकाने ‘पटत नाही’ असा शेरा मारून बाड परत केलं असतं. त्याआधीचा भाग तर त्याहून न पटणारा. हा मुलूख पोर्तुगिजांना लढून मिळालाच नव्हता. मराठा आरमाराने त्यांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचं नुकसान केलं, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेलीचं उत्पन्न त्यांना तोडून दिलं. एका जहाजाच्या बदल्यात गेलेली गावं परत आणायला दीडशेहून अधिक वर्षं आणि एक संगीतकार लागला.

वापी स्टेशनवर उतरून सिल्वासाकडे जाताना ही गोष्ट माझ्या डोक्यात असते, कारण साहसकथा हा माझा जुना आजार आहे. पण या वेळी पिशवीत होतं ते बिंदुमाधव नावाच्या दुसऱ्याच माणसाचं पुस्तक: बिंदुमाधव खिरे यांचं ‘पार्टनर’. शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये चेपून बसलेलो असताना मी ते बाहेर काढलं आणि लगेच लक्षात आलं, की आपण त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. घालताना काहीही ठरवलेलं नव्हतं. हाताने आपोआप घातलं. शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांनाही हेच हात असंच कव्हर घालायचे आणि वर भूगोलाची वही ठेवायचे.

मराठी वाचकाने दोन तऱ्हेची पुस्तकं लपवून वाचली. एक, ज्यात मारामारी आहे. दुसरी, ज्यात पुरुषाचं पुरुषावर प्रेम आहे. पहिली लपवायची वेळ केव्हाच सरली. आता रहस्यकथाकार अर्नाळकरांवर कौतुकाचे लेख येतात. दुसरी अजून कव्हरात आहेत. आणि एकाच कव्हरात ही दोन्ही असलेलं पुस्तक, म्हणजे एका समलिंगी नायकाची अनेक भागांची थरारक मालिका, ते तर आपल्या वाचनालयाच्या कपाटात कधी आलंच नाही. इंग्रजीत आलं, चिनीत आलं, त्यावर वाचकांची कडाक्याची भांडणं झाली. आपल्याकडे भांडायलाही काही नाही. हा लेख त्या न लिहिलेल्या मालिकेच्या वाचकांविषयी आहे.

मालिकेचा वाचक हा वेगळा प्राणी असतो. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने झुंजार दिला, काळापहाड दिला, धनंजय आणि छोटू दिले. गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे गोलंदाज, शिलेदार, कॅप्टन दीप असे नायकांचे तांडेच होते. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवून सगळीकडे पिटाळलं. सुहास शिरवळकरांनी ‘दुनियादारी’ लिहिली म्हणून आजची पिढी त्यांना ओळखते, पण त्याआधीपासूनचा त्यांचा वाचक दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यासाठी वाचनालयात नंबर लावत होता.

या वाचकाचा नायकाशी एक करार असतो. तू कितीही खोल दरीत पड, पुढच्या महिन्यात परत ये. नायक जगणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, म्हणून तर संकटाची मजा घेता येते. मग भागामागून भाग नायकाची ओळख मुरत जाते. त्याचा चहा कसा, त्याची गाडी कुठली, त्याचा नोकर किती आगाऊ, त्याला कुठली दुखापत पावसाळ्यात ठणकते. पहिल्या भागात जो कागदी असतो, तो पंधराव्या भागात आपल्या मामापेक्षा जवळचा झालेला असतो. एकट्या, गंभीर, थोर कादंबरीला हे जमत नाही. तिच्याकडे तेवढा वेळच नसतो.

आणि या वाचकाचं मन मोठं असतं, हे समीक्षकांनी कधी नोंदवलं नाही. सदाशिव पेठेतल्या वाचनालयात फिरोज इराणी नावाच्या नायकाला कुणी ‘हा आपल्यातला नाही’ म्हणून परत पाठवलं नाही. फुरसुंगीच्या पोराला पुण्याच्या पोरांनी आपला म्हटलं. अर्नाळकरांचा काळापहाड कायद्याच्या चौकटीबाहेर काम करायचा, तरी पापभीरू कारकून त्याच्या बाजूने असायचे. जात, धर्म, गाव, सगळं माफ होतं. अट एकच: अडचणीतून सुटून दाखव.

आता दुसऱ्या कपाटाकडे वळू. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. मुलीवर प्रेम करणारी ही मुलगी शेवटी जीव देते. खिऱ्यांचं ‘पार्टनर’ २००५ चं. अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पुण्यात येऊन ज्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, त्या माणसाने लिहिलेलं. स्वतःला कबूल करण्यातली तगमग, घरचे, लग्नाचा तगादा हे सगळं त्यात इतकं रोखठोक आहे, की एखाद्या गावातल्या एकट्या मुलाने ते पुस्तक उशाखाली ठेवून झोपावं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ मौजेने २००६ मध्ये काढली. एकाच घरातले भाऊ आणि बहीण, दोघेही वरच्या खोलीतल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात. तो तिला घेऊन पळतो, मग तिलाही सोडून जातो. त्याला अखेरपर्यंत नाव नाही. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा पुण्याचं घर केरळातल्या कोचीला हललं होतं.

पुस्तकं चांगली आहेत. ‘कोबाल्ट ब्लू’ तर मी तीनदा वाचली. पण या पुस्तकांबद्दल लिहिताना मराठी परीक्षणकार दोन विशेषणं हमखास वापरतो: ‘संवेदनशील’ आणि ‘धाडसी’. या दुसऱ्या शब्दाशी माझं भांडण आहे. आपण ‘साहसकथा’ म्हणतो तेव्हा साहस नायकाचं असतं. तो चालत्या गाडीवरून उडी मारतो, तळघरातून सुटतो. आणि ‘धाडसी कादंबरी’ म्हणतो तेव्हा धाडस लेखकाचं असतं. त्याने ‘असा’ विषय हाताळला म्हणून पाठ थोपटायची. पुस्तकातल्या माणसाच्या वाट्याला धाडस येतच नाही. त्याच्या वाट्याला वाट पाहणं येतं, पत्र येतं, खिडकी येते. वीस वर्षांत आपण समलिंगी माणसाला रडायला भरपूर पानं दिली. पळायला, पोहायला, कुलूप तोडायला, एखाद्याच्या कानाखाली वाजवायला एकही दिलं नाही.

जोसेफ हॅन्सन नावाच्या अमेरिकन लेखकाने हीच गोष्ट १९७० मध्ये उलटी करून दाखवली. त्याच्या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीचं नाव ‘फेडआउट’. कॅलिफोर्नियातलं एक छोटं गाव, वादळी पाऊस, पुलावरून नाल्यात कोसळलेली एक गाडी. गाडी सापडते, माणूस सापडत नाही. विम्याचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला कंपनी आपला तपासनीस पाठवते: डेव्ह ब्रँडस्टेटर. चाळिशी ओलांडलेला, शांत, चिवट, कुणाच्या दडपणाखाली न येणारा. विमा कंपनी त्याच्या वडिलांचीच. आणि डेव्हचा जोडीदार रॉड, ज्याच्याबरोबर त्याने वीसहून अधिक वर्षं संसार केला, तो नुकताच कर्करोगाने गेलेला.

सगळी करामत इथे आहे. आपल्याकडे ज्या मरणावर पुस्तक संपतं, तिथे हॅन्सनचं सुरू होतं. रॉड गेला, घर खायला उठतं, तरी डेव्ह अंघोळ करून कामाला जातो, कारण पुलाखालचा माणूस शोधायचा आहे. हॅन्सनने त्याला बारा पुस्तकं चालवलं, १९९१ पर्यंत. या एकवीस वर्षांत डेव्हचे केस पांढरे झाले, बापाशी असलेलं नातं बदललं, सेसिल नावाचा तरुण कृष्णवर्णीय पत्रकार त्याच्या आयुष्यात आला, राहिला. वाचकाला तपासही मिळाला आणि एका माणसाचं म्हातारं होणंही. हॅन्सन स्वतः याकडे एक खोडी म्हणून बघायचा: अमेरिकन रहस्यकथेतला तो राकट, एकांडा गडी घ्यायचा आणि त्याला समलिंगी करायचा, बाकी काही बदलायचं नाही.

त्याच्या चार वर्षं आधी, १९६६ मध्ये, व्हिक्टर बॅनिसने टोपणनावाने ‘द मॅन फ्रॉम कॅम्प’ ही स्वस्त पॉकेटबुकांची मालिका सुरू केली होती. तिचा नायक जॅकी होम्स हा समलिंगी गुप्तहेर. सोबत पूडल जातीची कुत्री. जेम्स बाँडची ती धमाल टिंगल होती. साहित्य म्हणून तिला कुणी तोलणार नाही, तोलूही नये. पण तो काळ असा, की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा नायक गुन्हेगार ठरला असता. त्या काळात तो प्रत्येक भागाच्या शेवटी खलनायकाला लोळवून, कपडे झटकून घरी जायचा. ही पुस्तकं विकत घेणारा वाचक काय शोधत होता, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

अशा मालिका जिथे जिथे निघाल्या, तिथे वाचकांची मतं साधारण त्याच दोन-तीन वाटांनी गेली. त्यातलं सर्वांत जुनं मत प्रश्नाच्या रूपात येतं: कथेला त्याची गरज काय? तपास चांगला आहे, पाठलाग चांगला आहे, मग नायक समलिंगी कशाला? हा प्रश्न मराठीत तर मालिका निघण्याआधीच तयार आहे. मी दोन-चार वाचनवेड्यांपुढे असा नायक नुसता कल्पनेने उभा केला, तरी पहिली प्रतिक्रिया तीच. मला उत्तरादाखल जुन्या पॉकेटबुकांची मुखपृष्ठं आठवतात. पिस्तूल रोखलेला नायक आणि त्याच्या खांद्याला रेललेली एक बाई, जिचा आतल्या एकशे साठ पानांशी फारसा संबंध नसायचा. कथेला तिची गरज काय, असं कुणी विचारलं नाही. नायिका ही गरज नव्हतीच, ती हवा होती. सगळ्यांच्या नाकात होती म्हणून कुणाला जाणवत नव्हती.

दुसरं मत नेमकं उलट्या बाजूने येतं आणि ते खुद्द समलिंगी वाचकांचं असतं: मारामारी पुरे, त्या दोघांचं काय झालं ते सांगा. पहिल्या वाचकाला प्रेम जास्त वाटतं तिथे याला कमी वाटतं. तोच परिच्छेद, तीच दोन माणसं, एक जखमेवर पट्टी बांधतोय. एकजण म्हणतो, झालं का यांचं सुरू. दुसरा म्हणतो, एवढंच? लेखकाने करायचं काय? माझं मत विचाराल तर दुसऱ्याचं ऐकावं, पण पट्टी बांधून होताच दारावर थाप पडावी. प्रेमप्रसंग लांबला की मालिका गचकते, मग तो कुणाचाही असो. झुंजारच्या वाचकालाही नायिका विजयाबाईंपेक्षा तळघराचं भुयार आधी हवं असायचं.

तिसरी गोष्ट गंमतीची आहे: अशा कथांचा वाचकवर्ग पुरुषांचाच असतो असं नाही. चीनमध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाच्या साहसकथांची एक प्रचंड परंपरा उभी राहिली, ती प्रामुख्याने स्त्रियांनी लिहिलेली आणि स्त्रियांनी वाचलेली. मो श्यांग थोंग शिऊ या टोपणनावाच्या लेखिकेची तलवारबाज, मांत्रिक, भुतंखेतं यांनी भरलेली एक अवाढव्य कादंबरी क्रमशः आली. तिच्यावरून २०१९ मध्ये ‘द अनटेम्ड’ नावाची मालिका निघाली, तेव्हा सरकारी नियमांपायी त्या दोघांचं प्रेम ‘मैत्री’ या शब्दात कोंबावं लागलं. बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलंच. पण तिथलीच दुसरी बातमी अशी, की समलिंगी प्रसंगांची एक कादंबरी लिहून विकल्याबद्दल थ्येनयी या टोपणनावाच्या लेखिकेला २०१८ मध्ये साडेदहा वर्षांची कैद झाली. साडेदहा वर्षं, एका पुस्तकासाठी.

चीनकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडचा एक खटला आठवू. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. त्यातला सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरं. घरात, शाळेत, डॉक्टरकडे जे विचारता येत नव्हतं, ते लोक पोस्टाने कर्व्यांना विचारत. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. त्यांना दिलेल्या सरळ उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक लैंगिक प्रश्न विचारत असतील आणि नियतकालिक त्याच विषयाला वाहिलेलं असेल, तर उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा रोख होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा हवाला देऊन त्यांनी सांगितलं, की अशी ओढ काही माणसांत स्वभावतःच असते. कर्वे खटला हरले. त्यांना दंड झाला.

वाचकांची मतं हा शब्द आपण फार हलक्याने वापरतो. तो खटला एका अर्थी वाचकांवरच होता. त्यांनी विचारलं, हा गुन्हा. कर्व्यांनी सांगितलं, हा त्याहून मोठा गुन्हा.

हिंदीत त्याच सुमारास पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांच्या ‘चॉकलेट’ने असंच काहूर उठवलं होतं. कलकत्त्याच्या ‘मतवाला’त गोष्टी आल्या, १९२७ मध्ये पुस्तक झालं, धडाधड खपलं. उग्रांचा दावा होता की आपण या ‘व्यसना’वर कोरडे ओढतोय. बनारसीदास चतुर्वेदींनी त्याला घासलेटी साहित्य ठरवून मोहीम उघडली आणि पुस्तक गांधीजींकडे पाठवलं. गांधीजींनी वाचून कळवलं की ते आपल्याला तसं वाटलं नाही, आणि ते मत चतुर्वेदींनी कित्येक वर्षं बाहेर येऊ दिलं नाही. वाचकांनी मात्र कोरडे बाजूला सारून गोष्टी वाचल्या. वाचक असाच असतो. लेखकाने लावलेली पाटी तो वाचत नाही, आत शिरतो.

सिल्वासात हे सगळं डोक्यात घोळवत मी दमणगंगेकाठी बसलो होतो. या गावाकडे साहसकथेच्या लेखकाने गंभीरपणे बघावं असं मला वाटतं. १९६१ च्या जनगणनेत अख्ख्या दादरा नगर हवेलीची वस्ती ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. मधल्या काळात कारखाने आले: सूत, प्लास्टिक, केबल, औषधं. त्यांच्या मागे माणसं आली, बिहारहून, ओडिशाहून, उत्तर प्रदेशातून, खानदेशातून. त्यांत बहुतेक तरुण पुरुष. २०११ मध्ये इथे दर १००० पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. एका खोलीत पाच-सहा जण, पाळ्यांनी काम, पाळ्यांनी झोप, पाळ्यांनी स्टोव्ह. पाट्या गुजरातीत, गप्पा हिंदीत, बाजारात वारली आणि कोकणी आदिवासींची, जव्हार-तलासरीच्या बाजूला जाऊन मिळणारी बोली. शिवाय जुनं पोर्तुगीज चर्च आहेच. हद्दी इतक्या वेड्यावाकड्या की दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची पट्टी घुसलेली आहे. त्या पट्टीतून जायच्या हक्कावरून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १९६० मध्ये त्याचा निकाल लागला. पळून जाणाऱ्या माणसाला याहून सोयीचा मुलूख कुठला?

या खोल्यांमधल्या तरुणांत काही जण समलिंगी असणार, हे सांगायला पाहणी लागत नाही. सगळीकडे असतात, इथेही आहेत. अशा खोलीत पुस्तक लपवायला जागा नाही. वर्तमानपत्राच्या कव्हराची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे. रात्रपाळी करून आलेला, अंगावर चादर ओढून, उजेड कमी करून फोनवर क्रमशः कथा वाचणारा मुलगा हा अर्नाळकरांच्या वाचकाचा सख्खा नातू आहे. दोघांनाही एकच हवं: उद्याच्या पाळीआधी तासभर दुसऱ्या कुणाचं तरी धाडस. फरक एवढाच, की आजोबांना चादरीखाली स्वतःसारखा नायक सापडला. नातवाला सापडतो तो परक्या भाषेतला, तलवार घेतलेला, बर्फाच्या डोंगरावरचा.

कायद्याचा धागाही इथे विचित्रपणे विणलेला आहे. भारतीय दंडविधान या मुलखात आलं ते १९६१ च्या विलीनीकरणानंतर, आणि त्याच्या पोटातून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आलं. म्हणजे ज्या भूमीला मोकळं करण्यासाठी माणसं रात्री नदी ओलांडून आली, तिथल्या काही जणांना साठच्या दशकात एक नवं कुलूप लागलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. दुसऱ्या बाजूला, दक्षिण गुजरातेतल्याच राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये वर्तमानपत्राला आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, तेव्हा गावात त्यांचे पुतळे जळले होते. त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. नायक म्हणावं अशी ही वागणूक आहे, पण त्यावर मराठीत कुणी पॉकेटबुक लिहिलं नाही.

एक शंका मला स्वतःलाच सतावत होती, ती सांगून टाकतो. असा नायक आणायचा तर त्याच्या प्रत्येक भागात घरच्यांचा विरोध, समाजाची छी-थू, मनाची घालमेल हे यायलाच हवं का? नाही आलं तर खोटं वाटेल आणि आलं तर चोराला पकडणार कोण? हॅन्सनने यातून वाट काढली. डेव्हचं समलिंगी असणं तो लपवत नाही आणि त्याचं भाषणही करत नाही. साक्षीदार त्याच्याशी तुसडेपणाने वागतात, पोलिसांतले काही जण टोमणे मारतात, आणि डेव्ह ते ऐकून पुढचा प्रश्न विचारतो. अपमान हा त्याच्या कामातला धुळीचा भाग. मराठीत हे फार चांगलं जमेल असं मला वाटतं, कारण आपल्याकडे टोमणा ही कला आहे आणि तो न ऐकल्यासारखं करणं ही त्याहून मोठी कला.

मी त्या नायकाला इथेच नेमला आहे, मनातल्या मनात. विमा कंपनीचा तपासनीस नको, तो झाला. एखाद्या वाहतूक कंपनीचा माल-तपासनीस. वापी, सिल्वासा, भिलाड, तलासरी हा त्याचा इलाखा. चोरीला गेलेले ट्रक, बदललेले सील, नदीत सापडलेली मोटरसायकल. गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही येतात. वारली समजते, बोलताना मार खातो. खोलीवर त्याचा जोडीदार आहे, सूत गिरणीत दुसऱ्या पाळीला. दोघांची भेट होते ती पहाटे, चहाच्या वेळी. याने रात्री काय केलं ते तो विचारत नाही, फक्त शर्टावरचं रक्त बघून गरम पाणी ठेवतो. पहिल्या भागात वाचकाला वाटेल, मित्र असेल. चौथ्या भागात कळेल. दहाव्या भागात वाचक स्वतःच विचारेल, गिरणी बंद पडली म्हणता, मग त्याचं काय झालं?

दहाव्या भागापर्यंत जाणं महत्त्वाचं आहे. एकाच पुस्तकात आणून सोडलेला समलिंगी नायक हा ‘विषय’ राहतो. त्याच्यावर चर्चासत्र होतं, दोन परीक्षणं येतात, धाडसी म्हणून लेखकाचा सत्कार होतो, संपलं. दहा भाग चाललेला नायक मात्र सवय होतो, आणि एकदा सवय झाली की त्याच्या बाजूने वाचक भांडायला लागतो. काळापहाडाचं असंच झालं होतं.

‘धनंजय’ १९६१ पासून रहस्यकथांचा दिवाळी अंक काढतोय. ‘नवल’चीही परंपरा मोठी. हे अंक विकत घेणारा वाचक कथेच्या बाबतीत चोखंदळ असतो आणि नायकाच्या बाबतीत उदार, हे मी वर सांगितलंच. तेव्हा संपादकांना आणि हात शिवशिवणाऱ्या लेखकांना विनंती आहे. पुढच्या दिवाळीला अशा नायकाचा पहिला भाग छापा. पानं चाळीस पुरेत. कथेत समाजप्रबोधन नको, प्रस्तावना नको, मागे मानसोपचारतज्ज्ञाचं टिपण नको. पूर आलेली दमणगंगा असू द्या, एक गायब ट्रक असू द्या, आणि शेवटच्या पानावर नायक जिवंत असू द्या. दुसऱ्या भागाची वर्गणी मी आत्ताच भरायला तयार आहे, आणि अंकाला कव्हर घालणार नाही.